केस पेपर कुणाचा, आणि तो कुणाला द्यायचा?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचं ३० खाटांचं रुग्णालय आहे. मिस्टर सर्जन आहेत, प्रशासन मी बघते. नातेवाईक, गावातली वजनदार माणसं, पोलीस, विमा कंपन्या, सगळेच पेशंटचे रिपोर्ट मागतात. उलट पेशंटने स्वतः पेपर मागितले की डॉक्टर मंडळी सावध होतात. आता नवं सॉफ्टवेअर घेतलंय आणि विक्रेता म्हणतो, डेटा शंभर टक्के सुरक्षित आहे. गोपनीयतेसाठी आम्ही नेमकं काय करायला हवं?

उत्तर :

रुग्णालयांच्या अभिलेख विभागात, आपण ज्याला एमआरडी म्हणतो तिथे, माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात पाहिली आहे : गोपनीयतेचा कारभार उलटा चालतो. ज्याची माहिती, त्याला ती मिळवायला खेटे घालावे लागतात. ज्याचा काही संबंध नाही, त्याला ती काउंटरवर उभ्या उभ्या मिळते. हे सुलटं केलं की बाकीचं बरंच आपोआप मार्गी लागतं. सॉफ्टवेअर हा त्यातला एक भाग आहे आणि त्याबद्दल मी शेवटी लिहितो.

आधी पेशंटचं बघू, कारण तिथे नियम स्वच्छ आहे. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहिता विनियम आजही लागू आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम आणले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, तेव्हा २००२ चेच धरून चाला. भरती पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं जपायची, आणि पेशंटने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागितली की ७२ तासांत द्यायची. टाळाटाळ केली तर ते डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की पेशंटला त्याच्याच केस पेपरची प्रत नाकारताना गोपनीयतेची सबब चालणार नाही. प्रतींचा नेहमीचा खर्च घ्यावा आणि द्याव्यात.

‘बिल बाकी आहे, आधी ते भरा’ हे उत्तर मी अनेक काउंटरवर ऐकलं आहे. ७२ तासांच्या नियमात बिलाची अट कुठेही नाही. थकबाकी वसूल करायचे मार्ग वेगळे आहेत, त्यासाठी कागद अडवून धरू नका. नुसतं डिस्चार्ज कार्ड देऊन मोकळंही होऊ नका. पेशंटने इनडोअर पेपर मागितले असतील तर त्यात ऑपरेशन नोट्स, भूलतज्ज्ञांच्या नोंदी, सिस्टरनी लिहिलेले चार्ट, संमतीपत्रं, तपासण्यांचे रिपोर्ट हे सगळं आलं.

डॉक्टर सावध होतात ते ‘हा आता केस टाकणार’ या भीतीने. माझ्यासमोर आलेल्या अर्जांतले बहुसंख्य दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्यासाठी, विम्यासाठी किंवा पेशंटला पुण्या-मुंबईला हलवायचं म्हणून आलेले होते. मनात शंका नसलेल्या माणसाच्या डोक्यात ती घालण्याचं काम आपली टाळाटाळ करते. म्हणून एक पानाचा अर्ज छापून ठेवा. अर्ज आल्याची तारीख आणि वेळ रजिस्टरला लिहा, प्रतींवर पान क्रमांक आणि शिक्का टाका, घेणाऱ्याची सही घ्या, मूळ फाईल आपल्याकडे ठेवा. आणि एक पथ्य कडक पाळा : अर्ज आल्यानंतर मूळ कागदावर एक अक्षरही वाढवायचं नाही. काही लिहायचं राहूनच गेलं असेल, तर ते वेगळ्या कागदावर, त्या दिवसाची तारीख घालून, डॉक्टरांच्या सहीने जोडायचं. मागाहून घुसवलेली ओळ न्यायालयात शाईवरून, अक्षरावरून आणि सिस्टरच्या नोंदींशी न जुळण्यावरून ओळखू येते. मग फाईलमधल्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता नातेवाईक. आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही. रात्री उशाशी बसणारे, पैसे उभे करणारे, डबा आणणारे नातेवाईकच असतात, आणि त्यांना दारातच अडवायचा नियम कुणी केला तर तो चालणार नाही. पण कुणाला काय सांगायचं हे ठरवणारा पेशंट आहे. भरतीच्या फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवा : ‘माझ्या आजाराविषयी यांच्याशी बोलावे’ आणि ‘यांना सांगू नये’. पेशंटची सही घ्या. हे काउंटरवर सगळ्या गोतावळ्यासमोर विचारलं तर दुसरी ओळ कायम कोरीच राहील. म्हणून वॉर्डात बीपी घेताना, जवळ कुणी नसेल तेव्हा, सिस्टरने हळू आवाजात पुन्हा विचारावं. हा बदल फुकटात होतो, आणि इतर कशाहीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो असं माझं ठाम मत आहे.

यातलीच एक अवघड बाजू म्हणजे ‘आबांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगू नका’. मुलगा हात जोडून विनवतो, आणि त्यामागे प्रेमच असतं. तरी माहिती आबांची आहे. त्यांनी स्वतः म्हटलं, ‘मला काही कळत नाही, माझ्या पोराशी बोला’, तर तो त्यांचा निर्णय. तो फाईलमध्ये लिहा आणि पाळा. पोराने सांगितलं म्हणून आबांना अंधारात ठेवून त्यांच्याच सह्या घेत राहणं मला कधीच पटलं नाही. डॉक्टरांनी आधी आबांना एवढंच विचारावं : ‘रिपोर्ट आलेत. तुम्हाला सगळं सविस्तर सांगू, की घरच्यांशी बोलू?’ पुढचा मार्ग त्यांच्या उत्तरातून मिळतो.

बायकांच्या बाबतीत फार जागरूक राहा. सुनेचे रिपोर्ट सासूच्या हातात, बायकोचे नवऱ्याच्या हातात, हे आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की देणाऱ्याला आपण काही चुकतोय असं वाटतही नाही. मूल होत नाही म्हणून जोडपं आलं असेल, तर नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा रिपोर्ट त्याच्या आईला देऊ नये, आणि बायकोचा सोनोग्राफीचा रिपोर्ट तिला न विचारता कुणालाच देऊ नये. गर्भपाताला तर कायद्याचं वेगळं कवच आहे. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिचं नाव किंवा माहिती कायद्याने अधिकार नसलेल्या कुणालाही उघड केली तर १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गर्भपाताची नोंदवही गुप्त दस्तऐवज आहे. ती कुलपात हवी, ओटीतल्या म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या टेबलावर नको. ५ वर्षं ती जपायचीही असते.

गर्भपातासाठी आलेली अविवाहित मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं, आणि त्या भीतीने घरचे मुलीला भोंदूकडे नेतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये इथे वाट काढून दिली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख देण्याची गरज नाही. हा निर्णय तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना माहीत असेलच असं गृहीत धरू नका, त्यांच्या हातात त्याची प्रत द्या.

गावात आणखी एक चौकशी होते, लग्न जुळवताना. ‘त्या अमक्यांची मुलगी तुमच्याकडे ॲडमिट होती ना, काय झालं होतं हो?’ विचारणारा ओळखीचा असतो, कधी तुमच्या मिस्टरांचा मित्र असतो. फोनवर आलेल्या अशा प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर ठरवून टाका आणि रिसेप्शनच्या मुलींकडून पाठ करून घ्या : ‘आम्ही कुठल्याच पेशंटची माहिती फोनवर देत नाही, तुम्ही त्यांच्या घरच्यांनाच विचारा.’ नगरसेवक असो, पत्रकार असो, उत्तर तेच. पेशंट आमच्याकडे आहे किंवा नाही, हेही सांगायचं नाही, कारण मनोविकारतज्ज्ञाच्या किंवा प्रसूतीच्या वॉर्डात कुणी दाखल आहे एवढं कळलं तरी पुरतं. मानसिक आरोग्याच्या पेशंटला २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचा वेगळा हक्क दिला आहे, आणि त्याच कायद्याने त्याला स्वतःचे कागद मिळवायचाही हक्क दिला आहे.

एचआयव्हीबद्दल मी जरा थांबून लिहितो, कारण माणसं सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेली मी इथे पाहिली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ हे प्रकरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. नागालँडमधल्या एका डॉक्टरने सोबत नेलेल्या पेशंटसाठी रक्त दिलं, तपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला, रुग्णालयाकडून ती गोष्ट बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं आणि त्याला गाव सोडावं लागलं. न्यायालयाने होणाऱ्या वधूच्या जिवाचा हक्क वरचढ मानला आणि रुग्णालयाला दोषी धरलं नाही. पुष्कळ डॉक्टर अजून त्याच निकालाच्या आधारावर बोलतात. पण १० सप्टेंबर २०१८ पासून २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू आहे आणि त्याने रीत घालून दिली आहे. जोडीदाराला फक्त उपचार करणारा डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतो. तेही जोडीदाराला खरा धोका असेल, आधी पेशंटला स्वतःहून सांगण्यासाठी समुपदेशन झालं असेल, तो सांगणार नाही याची खात्री पटली असेल आणि ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला कळवलं असेल तरच. बाईला मारहाण व्हायची किंवा घराबाहेर काढलं जायची भीती असेल तर तेही नाही. उपचार करणाऱ्या टीमला गरजेपुरतं कळवायला वेगळी परवानगी लागत नाही, पण ती टीम म्हणजे सगळा स्टाफ नव्हे. फाईलवर लाल शाईने केलेली खूण, खाटेच्या पायथ्याशी लावलेली चिठ्ठी, ‘मावशी, त्या खाटेला हात लावताना ग्लोव्हज घाला’ असं वॉर्डभर ऐकू जाणारं वाक्य, हे सगळं उघड करणंच आहे. ग्लोव्हज प्रत्येक पेशंटला हात लावताना घालायचे असतात, म्हणजे खूण करायची वेळच येत नाही.

एकदा संध्याकाळी तुम्ही स्वतः पेशंट म्हणून तुमच्या रुग्णालयातून फिरा. ओटीबाहेरच्या फळ्यावर नाव आणि ऑपरेशन दोन्ही लिहिलंय का? सिस्टरच्या टेबलामागच्या फळ्यावरचं निदान पॅसेजमधून वाचता येतं का? ओपीडीत डॉक्टरांसमोर एक पेशंट बोलत असताना दुसरा तिथेच स्टुलावर बसलेला असतो का? वेळ वाचवायची ही पद्धत महाराष्ट्रभर आहे, आणि त्यापायी मूळव्याध, पांढरं जाणं, दारू, नवऱ्याची मारहाण यांतलं काहीही पेशंट मोकळेपणी सांगत नाही. डॉक्टरला अर्धी माहिती मिळते आणि उपचार चुकतात. दाराशी एक माणूस आणि जाड पडदा एवढ्याने काम भागतं. ड्रेसिंगच्या खोलीत कॅमेरा असेल तर आजच काढा, आणि कॅमेऱ्यांचा स्क्रीन रिसेप्शनवर ठेवू नका.

पोलिसांबद्दल थोडक्यात. एमएलसी केसमध्ये, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसमध्ये, सहकार्य करावंच लागतं, पण ओळखीच्या हवालदाराने चहा पिता पिता फाईल चाळणं म्हणजे सहकार्य नव्हे. पोलीस ठाण्याचं जावक क्रमांकाचं पत्र घ्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागणी असेल तर साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद जप्त झालेच तर पंचनामा आणि पोच घ्या, आणि त्याआधी पूर्ण संच झेरॉक्स करून ठेवा. न्यायाधीशांनी साक्षीत विचारलं तर डॉक्टरला सांगावं लागतं, वकिलासारखं संरक्षण त्याला नाही. बलात्कारपीडितेचं नाव, किंवा जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कुठलीही माहिती, पत्रकाराला द्यायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली अशी ओळख छापणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि छोट्या गावात वडिलांचा धंदा सांगितला तरी ओळख पटते. विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीए कंपनीला पेशंटची सही असलेल्या संमतीपुरते आणि त्या भरतीपुरतेच कागद द्या. कारखान्याच्या एचआरने आजार विचारला तर ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ एवढं प्रमाणपत्र पुरे. क्षयरोगासारखे नोंदवायचे आजार सरकारी यंत्रणेला जरूर कळवा, पण ते त्या यंत्रणेलाच.

आता मोबाईल. आजच्या घडीला सगळ्यात मोठी गळती इथून होते. एक्स-रेचा फोटो रात्री दोन वाजता सरांना पाठवायला लागतो, त्याशिवाय तुमच्या मिस्टरांचं काम चालणार नाही, हे मला मान्य आहे. पण फिल्मच्या कोपऱ्यात नाव, वय आणि क्रमांक असतो, तो कापूनच फोटो पाठवावा. पेशंट कोणता ते खाटेच्या क्रमांकावरून फोनवर सांगता येतं. व्हॉट्सॲपमधले फोटो गॅलरीत आपोआप साठणं बंद करा, नाहीतर जखमेचा फोटो आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरच्या, भाच्याच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो आणि घरच्या क्लाउडवर चढतो. ग्रुपचे सदस्य दर महिन्याला तपासा. नोकरी सोडून गेलेले आरएमओ आणि औषध कंपन्यांचे एमआर अशा ग्रुपांत वर्षानुवर्षं राहिलेले मी पाहिले आहेत. महात्मा फुले योजनेत असाल तर पेशंटचे फोटो आणि रेशनकार्ड अपलोड करावी लागतात. ते काम रुग्णालयाच्या फोनवरून किंवा स्कॅनरवरून व्हावं, कर्मचाऱ्याच्या खासगी फोनवरून नको.

‘दुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी’ म्हणून पेशंटचा फोटो, नाव आणि गाव घालून पोस्ट टाकणं किंवा फ्लेक्स लावणं बंद करा. ओळख पटेल असा पेशंटचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला २००२ च्या विनियमांत मनाई आहे. डिस्चार्जच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून हात जोडणाऱ्या पेशंटकडून घेतलेली परवानगी मी खरी परवानगी मानत नाही. त्या क्षणी तो डॉक्टरांना कशालाच नाही म्हणणार नसतो. पंधरा दिवसांनी, टाके काढायला आल्यावर विचारा.

सॉफ्टवेअर विक्रेत्याचं ‘शंभर टक्के’ बाजूला ठेवा आणि त्याला साधे प्रश्न विचारा. प्रत्येक कर्मचाऱ्याचा वेगळा लॉगिन आहे का? कुणी कुठली फाईल कधी उघडली याची नोंद राहते का, आणि ती पुसता येते का? बिलिंगच्या मुलाला निदानाच्या नोंदी दिसतात का? त्याला त्या दिसायची गरज नाही. विक्रेत्याची माणसं लांबून तुमच्या संगणकात शिरतात ती तुमच्या परवानगीने की केव्हाही? करार संपला तर डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळेल आणि त्यांच्याकडची प्रत कधी पुसली जाईल? ही उत्तरं करारात लेखी हवीत. कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम विक्रेत्याकडे दिलं तरी जबाबदारी रुग्णालयाचीच राहते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिने दिले आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो. तुमच्यासारख्या रुग्णालयाला एवढा दंड होईल असं मला वाटत नाही, पण तयारी तुम्हालाही करावी लागेल.

लबाडीपेक्षा निष्काळजीपणाने जास्त माहिती बाहेर जाते. २०१६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे ४३ हजारांवर रिपोर्ट, एचआयव्हीचे धरून, पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे पडलेले सापडले. २०२० च्या सुरुवातीला ग्रीनबोन या जर्मन कंपनीने एक्स-रे आणि स्कॅन साठवणारे जगभरातले उघडे सर्व्हर शोधले, तेव्हा भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र सगळ्यांच्या पुढे होता. तुमचं सीटी मशीन इंटरनेटला थेट जोडलेलं आहे का, हे मशीन बसवणाऱ्या इंजिनीअरकडून लेखी घ्या. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि जवळपास दोन आठवडे कामकाज हाताने लिहून चालवावं लागलं. नेटवर्कचे वेगळे कप्पे नीट केलेले नव्हते, हे कारण सरकारने संसदेत सांगितलं. तुमच्याकडे पेशंटच्या नातेवाइकांचं वायफाय आणि बिलिंगचा संगणक एकाच राऊटरवर असतील, तर ते या आठवड्यात वेगळे करा. रोजचा बॅकअप घ्या आणि त्याची एक प्रत संगणकापासून तोडून, कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा तो बॅकअप खरंच उघडतो का ते बघा.

माहिती बाहेर गेलीच, तर सायबर हल्ल्याची खबर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला ६ तासांत द्यायची असते. त्याच दिवशी पेशंटलाही फोन करा. काय गेलं, कुणाकडे गेलं, आम्ही काय केलं, हे त्याला तुमच्या तोंडून कळायला हवं, गावातून नको.

जुन्या फायलींचं शेवटचं सांगतो. ३ वर्षं ही किमान मुदत आहे. मी लहान मुलांच्या फायली ती सज्ञान झाल्यावरही काही वर्षं ठेवायला सांगतो, आणि एमएलसीच्या फायली खटला पूर्ण निकाली निघेपर्यंत. पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालच्या सोनोग्राफीच्या नोंदी २ वर्षं, आणि त्यावर प्रकरण चालू असेल तर ते संपेपर्यंत. जे नष्ट करायचं त्याची यादी करा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि कागद तुमच्या डोळ्यांसमोर मशीनमधून बारीक करून मगच विका. माळ्यावरचे गठ्ठे तसेच रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढू देऊ नका.